सोनोग्राफीच्या खोलीतली ती पाटी

कराडमधल्या कुठल्याही सोनोग्राफी सेंटरला गेलात तर एक पाटी दिसतेच: इथे गर्भलिंग निदान केलं जात नाही. पहिल्यांदा जाणाऱ्यांना प्रश्न पडतो, बाळ ठीक आहे का एवढंच बघायला आलोय, मग ओळखपत्र आणि सही कशाला? आज त्या सहीचा इतिहास सांगते.

आधी मशीनची गोष्ट. 1955 मध्ये ग्लासगोचे डॉक्टर इयान डोनाल्ड यांनी धातूतल्या भेगा शोधायचं कारखान्यातलं यंत्र शरीरातून काढलेल्या गाठींवर वापरून पाहिलं. 1958 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा लेख आला. तत्त्व आजही तेच आहे. ऐकू न येणारा आवाज पोटात सोडायचा आणि परत येणाऱ्या प्रतिध्वनीतून चित्र उभं करायचं. मध्ये हवा राहिली तर आवाज आत जात नाही, म्हणून ते गार जेल. दुखत अजिबात नाही. सुरुवातीच्या तपासणीला बहुतेक वेळा भरपूर पाणी पिऊन यायला सांगतात. 18 ते 20 आठवड्यांच्या तपासणीत बाळाचं हृदय, मणका, किडनी असं सगळं बघतात, त्यामुळे वेळ लागतो. डॉक्टर गप्प असले तर लगेच घाबरू नका, मापं घेणं चालू असतं.

पण पोटात बघता येऊ लागलं आणि लोक मुलगी शोधू लागले. गर्भजल तपासणीचा असाच गैरवापर होत होता, म्हणून 1988 मध्ये महाराष्ट्राने देशात सर्वात आधी कायदा केला. देशाचा कायदा 1994 मध्ये झाला, 1996 पासून लागू झाला आणि 2003 मध्ये आणखी कडक झाला. तरीही 2001 च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे साताऱ्यात 878 आणि सांगलीत 851 मुली होत्या.

ज्या जन्मल्या, त्यातल्या काहींचं नावच 'नकोशी' ठेवलं होतं. 22 ऑक्टोबर 2011 रोजी सातारा जिल्ह्यात अशा 285 मुलींना नवी नावं मिळाली. आणि 2017 मध्ये मिरजेजवळच्या म्हैसाळमध्ये पुरलेले 19 भ्रूण सापडले. म्हणजे हे फार जुनं नाही.

म्हणून डॉक्टरांना 'पेढे की बर्फी?' असं गमतीतसुद्धा विचारू नका. शब्दानेच काय, खुणेनेही सांगणं गुन्हा आहे. घरचे आग्रह करत असतील तर त्यांना हा भाग ऐकवा. 'बाळाची वाढ नीट आहे ना?' हा प्रश्न मात्र बिनधास्त विचारा.