भंगलेली नडगी

मनुष्यदेहांतील लांब हाडांमध्यें नडगीचें हाड सर्वांत उघडें. त्याच्या पुढल्या अंगास मांसाचें आवरण नाहीं. वर केवळ कातडी. त्यामुळें तें मोडलें म्हणजे त्याचें टोंक पुष्कळदां कातडी फाडून बाहेर येतें, आणि रक्ताचा पुरवठा बेताचाच असल्यानें सांधण्यासही विलंब लागतो. अशा जखमेवर पाय कापणें हाच युरोपांतील शस्त्रवैद्यांचा कित्येक पिढ्यांचा परिपाठ होता.

१७५६ सालीं लंडनचे शस्त्रवैद्य पर्सिव्हल पॉट घोड्यावरून पडले व त्यांच्या पायाचें हाड मोडून बाहेर आलें. धोका ओळखून त्यांनीं कोणास आपणांस हलवूं दिलें नाहीं. खुर्ची वाहणाऱ्या भोयांस बोलावून त्यांचे दांडे एका विकत घेतलेल्या दारास ठोकविले आणि त्यावर निजून ते घरीं गेले. पाय कापण्याचें ठरून हत्यारेंही सिद्ध झालीं; इतक्यांत त्यांचे गुरु एडवर्ड नॉर्स येऊन पोहोंचले आणि त्यांच्या सल्ल्यानें पाय वांचला. मात्र हें दैव सर्वांच्या वांट्यास येत नसे, कारण खरा वैरी पू हा होता.

त्या वैऱ्यावर उपाय सांपडला तो ग्लासगो येथें. १८६५ च्या ऑगस्टमध्यें गाडीचें चाक पायावरून गेलेल्या अकरा वर्षांच्या एका मुलाची जखम जोसेफ लिस्टरनें कार्बॉलिक ॲसिडानें झांकली. पू झाला नाहीं, आणि सहा आठवड्यांत हाड सांधलें. आतां कातडी मुद्दाम उघडून हाडापर्यंत जाणें शक्य झालें.

पुढें तीन मार्ग निघाले. लंडनच्या आर्बुथनॉट लेननें पोलादी पट्टी स्क्रूंनीं हाडावर बसविली. टोंकें तंतोतंत जुळलीं. पण त्यासाठीं हाडावरील पडदा सोलावा लागे व रक्तवाहिन्या तुटत. अँटवर्पच्या अल्बिन लांबोटनें १९०२ मध्यें हाडांत खिळे रोवून ते बाहेरील चौकटीस बांधले. उघड्या जखमेस ही रीत सोयीची. पण खिळ्यांच्या वाटेनें जंतु आंत शिरतात. कीलच्या गेऱ्हार्ड कुंचरनें १९३९ मध्यें मांडीच्या हाडाच्या पोकळींत सळई घातली. तीच युक्ति पुढें नडगीस लागू झाली. यांत मोडलेली जागा उघडण्याची बहुधा गरज पडत नाहीं. पोकळी कोरतांना आंतील रक्तवाहिन्यांस इजा होते खरी, तथापि भार सळईवर पडून रोगी लवकर उभा राहतो. म्हणून प्रौढांची नडगी मधोमध मोडल्यास आज बहुधा सळईच पसंत करतात. गुडघ्याजवळ किंवा घोट्याजवळ सळईची पकड कमी, तेथें पट्टी उपयोगी पडते. आणि जखम फार घाण असल्यास चौकट.

तेव्हां यांत श्रेष्ठ कोणती, हा प्रश्नच अपुरा आहे. धातु हाडास धरून ठेवतो. सांधण्याचें काम रक्त करतें. टोंकें नीट जुळविण्याच्या हौसेपायीं त्या रक्ताची वाट बंद केली तर चित्रांत सुरेख दिसणारें हाड आंतून मृत राहतें. पॉटच्या काळीं पाय वांचविणें म्हणजे हत्यार खालीं ठेवणें होतें. आज हत्यार हातीं घेऊनही तोच संयम पाळावा लागतो.