आमच्या मंडळाची वही: यात्रेपासून सहलीपर्यंत



क्षमावाणी झाली की आमच्या गावच्या महिला मंडळात दरवर्षी दोनच विषय निघतात. चातुर्मासातल्या वर्गणीत किती उरले, आणि यंदा सहल कुठे. या वर्षी मात्र तिसरा विषय निघाला. एका वहिनीनं सरळ विचारलं, "सहल हवीच कशाला? तेवढ्या पैशात पाठशाळेला चार पंखे येतील. घरातले पण म्हणतात, ह्या बायकांनी मंडळ काढलंय ते फिरायलाच."

बैठकीत एकदम शांतता. पंखे तर खरंच हवे आहेत. मलाही उत्तर सुचलं नाही.

घरी येऊन अक्कांना, म्हणजे माझ्या सासूबाईंना सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "पंखे आणा की. पण बाहेर पडायचं सोडू नका. आमच्या सासूबाई उभ्या आयुष्यात माहेराशिवाय तीनदा गाव सोडून गेल्या. तिन्ही वेळा यात्रेला."

त्या एका वाक्यानं मी आठवडाभर विचारात पडले. मंडळाची जुनी वही बस्तीतल्या कपाटातून काढून आणली, घरातली दोन-चार पुस्तकं चाळली. त्यातून जे हाती लागलं ते आज तुमच्यापुढे ठेवते.

आईचा हट्ट

आपण श्रवणबेळगोळला जातो, विंध्यगिरीच्या साडेसहाशेच्या आसपास पायऱ्या चढतो आणि वर त्या ५७-५८ फुटी गोम्मटेश्वरापुढे हात जोडतो. ही मूर्ती गंग राजांचा सेनापती चामुंडराय यानं इ. स. ९८१ च्या सुमारास घडवली, हे आपण लहानपणापासून ऐकतो. मूर्तीच्या पायाशी चामुंडरायाचं नाव सांगणारा मराठी लेखही आहे आणि मराठीच्या सर्वांत जुन्या शिलालेखांत त्याची गणना होते.

पण कथा सुरू कुठून होते, आठवतं का? चामुंडरायापासून नाही, त्याच्या आईपासून. काललादेवींनी ऐकलं की पौदनपूरला भरत चक्रवर्तीनं उभारलेली बाहुबलींची भव्य मूर्ती आहे. दर्शन होईपर्यंत दूध घेणार नाही असा त्यांनी नियम घेतला. आईच्या नियमासाठी मुलगा आचार्य नेमिचंद्रांसह यात्रेला निघाला. वाटेत चंद्रगिरीवर मुक्काम पडला, स्वप्नात कूष्मांडिनी देवीनं सांगितलं की पौदनपूरची मूर्ती आता दिसणं कठीण आहे, समोरच्या टेकडीवर बाण मार. पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणजे कथेच्या मुळाशी काय आहे? एका बाईला दर्शनाला जायचं होतं.

आणि त्याच कथेतली ती म्हातारी, गुळ्ळकायज्जी. सेनापतीनं हंड्यांनी दूध ओतलं तरी अभिषेक मूर्तीच्या पायापर्यंत पोहोचेना. एक साधी आजी फळाच्या करवंटीत थोडंसं दूध घेऊन आली आणि त्या दुधानं मूर्ती नखशिखांत न्हाली. चामुंडरायाचा अभिमान उतरला. आज गोम्मटेश्वरासमोर त्या आजीची मूर्ती उभी आहे. तिचं गाव कुणी सांगत नाही, तिच्या सोबत कोण होतं तेही नाही. पण ती घरातून निघाली आणि डोंगर चढून वर आली, एवढं नक्की.

समोरच्या चंद्रगिरीवर होयसळ राणी शांतलादेवीनं ११२३ साली बांधलेली बस्ती आहे. नाव 'सवतिगंधवारण', अर्थ साधारण 'सवतींना मदमस्त हत्तीण'. आमच्या बसमध्ये हे नाव सांगितलं की हमखास हशा पिकतो. पण राणी असो की करवंटीवाली आजी, बाईला घराबाहेर पडायला धर्माचं कारण कायम चालत आलं. दुसरं कुठलं कारण फारसं चालत नसे.

स्तवनिधीच्या माळावर

आता आपल्या भागात या. निपाणीजवळचं स्तवनिधी, आपल्या बोलीतलं तवंदी. अमावस्येला पार्श्वनाथांच्या दर्शनाला तिथं गर्दी होते. १८९९ साली दक्षिण महाराष्ट्र जैन सभेची स्थापना याच क्षेत्रावर झाली. लोक जिथं आपसूक जमतात तिथंच सुधारणेचं बोलायचं, अशी त्यामागची सोय होती. शिक्षण, वसतिगृहं, लग्नातला खर्च हे विषय यात्रेच्या गर्दीपुढे मांडले गेले. आणि क्षेत्रावर दर्शनाला आलेल्या बायकांच्या कानांवरही ते पडू लागले.

त्याच सुमारास मुंबईत मगनबाई नावाची तरुण बाई उभी राहत होती. सेठ माणिकचंद हिराचंद जव्हेरींची ही मुलगी ऐन तारुण्यात विधवा झाली. त्या काळी अशा मुलीची जागा घरातल्या कोपऱ्यात. वडिलांनी तिला कोपऱ्यात बसवलं नाही, शिकवलं. पुढे तिनं मुंबईत श्राविकाश्रम चालवला. सोलापूरच्या हिराचंद नेमचंद दोशींच्या कन्या कंकुबाई आणि ललिताबाई या तिच्या सोबतिणी. आश्रमात निराधार, विधवा, परित्यक्ता बायका लिहायला-वाचायला शिकल्या, धर्माचा अभ्यास करून शिक्षिका झाल्या. नंतर सोलापुरातही श्राविकाश्रम उभा राहिला आणि पंडिता सुमतीबाई शहांच्या काळात त्याचा मोठा विस्तार झाला.

मगनबाईंचं काम एका जागी बसून झालं नाही. त्या गावोगाव फिरल्या, क्षेत्रांवर, परिषदांना गेल्या, बायकांपुढे बोलल्या. १९३० मध्ये त्या गेल्या. आज आपण मंडळात उभं राहून चार वाक्यं बोलतो, त्याच्या मागे त्यांचा हा प्रवास आहे.

तीन यात्रांपैकी एक

आमच्या आजेसासूबाईंच्या तीन यात्रांतली एक कुंथलगिरीची, साल १९५५. आचार्य शांतिसागर महाराजांनी तिथं सल्लेखना घेतली होती. महाराज आपल्या भागातले, भोजचे. बातमी पसरली तशी गावंच्या गावं दर्शनाला निघाली. १८ सप्टेंबरला महाराजांची समाधी झाली. त्याच्या काही दिवस आधी आजेसासूबाई गावातल्या नऊ बायकांबरोबर जाऊन आल्या. सोबत दोन पुरुष, गाळलेल्या पाण्याच्या कळशा आणि दशम्यांची गाठोडी.

अक्का सांगतात, "परत आल्यावर सासूबाई महिनाभर त्याचंच बोलायच्या. महाराजांचं बोलायच्याच, पण सोलापुरात रात्री स्टेशनवर बसलो, तिथं एक बाई एकटीच पेपर वाचत होती, हेही दहादा सांगायच्या." पुढे त्यांनी नातीला शाळेतून काढू दिलं नाही. त्या पेपर वाचणाऱ्या बाईमुळेच, असं मी ठामपणे म्हणणार नाही. पण अक्का म्हणतात.

वहीतली नावं

१९५२ साली २ ऑक्टोबरला देशात समूह विकास योजना सुरू झाली आणि गावोगाव महिला मंडळं निघण्याला वेग आला. १९५३ साली दुर्गाबाई देशमुखांच्या अध्यक्षतेखाली केंद्रीय समाजकल्याण मंडळ स्थापन झालं. शिवणवर्ग, बालवाडी हे मंडळाचं ठरलेलं काम असायचं. आमचं मंडळ बरंच नंतरचं, वही सुरू होते १९७४ ला.

पहिल्या पानावर सतरा बायका आहेत, पण नाव एकीचंही नाही. 'पाटलांची थोरली', 'मास्तरांच्या मंडळी', कुणाची आई, कुणाची सून. पुढे अंगठे. चार वर्षांनी, १९७८ च्या पानावर पहिल्यांदा पूर्ण नावं दिसतात. त्या वर्षी मंडळानं पहिली मोठी सहल काढली होती. एसटीची गाडी 'प्रासंगिक करारा'वर ठरवायची तर प्रवाशांची यादी हवी होती, आणि डेपोत 'मास्तरांच्या मंडळी' चालेना! सहलीच्या यादीसाठी आमच्या बायकांना वहीत स्वतःचं नाव मिळालं.

१९८१ च्या फेब्रुवारीतलं पान तर दोन्ही बाजूंनी भरलेलं आहे. गोम्मटेश्वराच्या सहस्राब्दीचा महामस्तकाभिषेक, ज्यावर इंदिरा गांधींनी हेलिकॉप्टरमधून फुलं उधळली तो. हजर ३४. खाली जिन्नसांची यादी: कडक भाकरी, शेंगाचटणी, शेंगापोळ्या, बिनलसणीचा भडंग, पाणी गाळायला नवं कापड दोन वार. सूर्यास्ताआधी जेवण व्हायलाच हवं म्हणून गाडी कुठं थांबवायची ते आधीच लिहिलेलं. हे सगळं नियोजन बायकांनी केलं. हिशेबाच्या तळाशी शिल्लक सात रुपये वीस पैसे, आणि सही. अंगठा नाही, सही.

ज्यांना हळदीकुंकवाला बोलावणं नव्हतं

वही वाचताना एक गोष्ट टोचली, ती लिहायलाच हवी.

मंडळाचे वर्षातले दोन मोठे कार्यक्रम, संक्रांतीचं हळदीकुंकू आणि सहल. हळदीकुंकवाच्या यादीत जी नावं आहेत, त्यातली काही पुढच्या वर्षी गळतात. कारण विचारायची गरज नाही. आमच्या शेजारच्या काकू तिशीतच एकट्या पडल्या. संक्रांतीला त्या आत बसून तिळगुळाच्या पुड्या बांधायच्या, बाहेरच्या खोलीत येत नसत. पण सहलीच्या प्रत्येक यादीत त्यांचं नाव आहे. नुसतं नाव नाही, 'प्रमुख' म्हणून आहे. कुठल्या धर्मशाळेत खोल्या चांगल्या, कुठल्या चढावर म्हाताऱ्यांना डोली घ्यायची, सगळं त्यांना पाठ.

गाडीत चढताना कुणी कुणाच्या कपाळाकडे बघत नाही, डोकी मोजतात. सिद्धक्षेत्रावर सुवासिनींची वेगळी रांग नसते. मगनबाईंनी शंभर वर्षांपूर्वी जे सांगितलं, ते आमच्या मंडळात भाषणातून आलं नाही, सहलीतून आलं. आणि मंडळाच्या संक्रांतीच्या खोलीत ते अजून पुरतं आलेलं नाही, हेही खरं.

मग पंख्यांचं काय?

पुढच्या बैठकीला मी वही घेऊन गेले. भाषण केलं नाही, १९७४ चं आणि १९७८ चं पान वाचून दाखवलं. त्या वहिनीच्या आजेसासूचं नाव दुसऱ्या पानावर होतं. तिनं ते घरात कधी ऐकलंच नव्हतं, सगळे 'माई' म्हणायचे. ती बराच वेळ त्या सहीवरून बोट फिरवत बसली.

मग बायकांनीच मार्ग काढला. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना तर प्रवास मोफत. तेव्हा यंदा खासगी गाडी करायची नाही. साध्या एसटीनं कुंभोजच्या बाहुबलीला जायचं, १९६३ साली उभारलेल्या त्या २८ फुटी मूर्तीचं दर्शन घ्यायचं, डबे घरचे, आणि दिवेलागणीच्या आत परत. जे वाचेल त्यातून दोन पंखे. उरलेले दोन पुढच्या वर्षी.

आणखी एक ठरलं. सूचना त्या वहिनीचीच. संक्रांतीच्या कार्यक्रमाची यादी यंदा सहलीच्या यादीवरूनच करायची. जितकी नावं गाडीत, तितकी खोलीत. एक-दोन जणी कुरकुरल्या, "रीत आहे" म्हणाल्या. शेजारच्या काकू आता एकोणऐंशीच्या आहेत. त्या नेहमीसारख्या दाराशी बसल्या होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "तिळगुळाच्या पुड्या मात्र ह्या वर्षी दुसरं कोणीतरी बांधा."

मैत्रिणींनो, तुमच्या मंडळाची जुनी वही असेल तर एकदा उघडा. एखाद्या आजींना शेजारी बसवून ती नावं वाचून घ्या. वही नसेल तर येत्या सहलीपासून सुरू करा, आणि प्रत्येकीचं पूर्ण नाव लिहा.

जय जिनेंद्र.