व्हर्च्युअल मशीन की ड्युअल बूट? एकाच लॅपटॉपवर दोन ऑपरेटिंग सिस्टीम वापरण्याआधी हे वाचा

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा सपोर्ट थांबवला. ज्यांचे जुने लॅपटॉप विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत, त्यांच्यापुढे लिनक्स हा एक मोफत पर्याय आहे. पण टॅलीसारख्या सॉफ्टवेअरसाठी विंडोजही हवे असेल तर? दोन्ही एकाच लॅपटॉपवर ठेवता येतात आणि त्याचे मुख्य मार्ग दोन आहेत. निवड चुकली तर काय बिघडू शकते, हे आधी समजून घ्या.

व्हर्च्युअल मशीन म्हणजे काय?

व्हर्च्युअलबॉक्स किंवा व्हीएमवेअर वर्कस्टेशनसारखे सॉफ्टवेअर तुमच्या लॅपटॉपच्या आत एक काल्पनिक कॉम्प्युटर तयार करते. त्यात दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम एका खिडकीत चालते. हा जणू घरात ठेवलेला पोटभाडेकरू. त्याला दिलेल्या खोलीपुरता तो राहतो आणि नको झाला तर खोली रिकामी करून घेता येते. काही बिघडले तर आधी घेतलेल्या स्नॅपशॉटवर काही मिनिटांत परत जाता येते.

अडचण असते ती वेगाची. दोन्ही सिस्टीम एकाच वेळी चालत असल्याने रॅम वाटली जाते. उबंटू डेस्कटॉपलाही पुरेशी रॅम आणि २५ जीबी जागा लागते. त्यामुळे ८ जीबीच्या लॅपटॉपवर ओढाताण होते, १६ जीबी असेल तर काम सुखाने होते. ग्राफिक्स कार्डची पूर्ण ताकदही सहसा मिळत नाही आणि व्हॅलोरंटसारखे काही गेम व्हर्च्युअल मशीनमध्ये चालतच नाहीत.

ड्युअल बूट म्हणजे काय?

इथे डिस्कची सरळ वाटणी होते. एका भागात विंडोज, दुसऱ्यात लिनक्स. लॅपटॉप सुरू करताना कोणती सिस्टीम हवी ते निवडायचे. जी निवडाल तिला सगळी रॅम, प्रोसेसर आणि ग्राफिक्स मिळतात. म्हणून जुन्या, कमी रॅमच्या मशीनवर ड्युअल बूट जास्त वेगवान ठरते. मात्र दुसरी सिस्टीम वापरायची तर दर वेळी रीस्टार्ट करावे लागते आणि वाटणी करताना झालेली चूक तुमच्या फोटो-फाइलींवर बेतू शकते.

ड्युअल बूट करण्यापूर्वी

• बॅकअप घ्या, तोही वेगळ्या हार्ड डिस्कवर. इन्स्टॉल करताना ‘संपूर्ण डिस्क पुसा’ हा पर्याय चुकून निवडला गेला, तर विंडोजसह सगळे जाते.
• बिटलॉकरची ४८ अंकी रिकव्हरी की लिहून ठेवा. अनेक लॅपटॉपमध्ये एन्क्रिप्शन आपोआप सुरू असते. बूटची व्यवस्था बदलल्यावर विंडोज ही की मागू शकते. ती नसेल, तर डेटा असूनही उघडता येत नाही. बहुतेक वेळा ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडते.
• विंडोजमधील ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करा. तो सुरू असेल तर विंडोज पूर्ण बंद होत नाही आणि लिनक्समधून त्या भागातील फाइली बदलता येत नाहीत.
• घड्याळ साडेपाच तास मागे दिसले तर घाबरू नका. लिनक्स मशीनच्या घड्याळात जागतिक वेळ ठेवते, विंडोज तीच स्थानिक वेळ समजते. सेटिंग बदलून हे दुरुस्त होते.

इन्स्टॉल नीट झाले तरी पुढे अडचण येणारच नाही असे नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या एका सुरक्षा अपडेटनंतर ड्युअल बूट असलेल्या काही कॉम्प्युटरवर लिनक्स सुरूच होईना. तसेच लिनक्स काढायचे म्हणून थेट त्याचा भाग पुसला, तर बूट मेनू अर्धवट राहून विंडोजही अडकू शकते. आधी विंडोजचा बूट पूर्ववत करावा लागतो.

मग निवड कशी करायची?

लिनक्स शिकायचे आहे, एखादे सॉफ्टवेअर तपासायचे आहे किंवा दोन्हीकडे एकाच वेळी काम आहे, तर व्हर्च्युअल मशीन घ्या. गेमिंग, जड ग्राफिक्स किंवा कमी रॅम असेल तर ड्युअल बूट. अॅपलच्या एम१ आणि त्यानंतरच्या चिपच्या मॅकवर बूट कॅम्प नाही, त्यामुळे तिथे विंडोजसाठी व्हर्च्युअल मशीन हाच सोपा मार्ग आहे.

एक गोष्ट विसरू नका. विंडोज १० च्या आत लिनक्सचे व्हर्च्युअल मशीन टाकल्याने खालचे विंडोज सुरक्षित होत नाही. पोटभाडेकरू कितीही चांगला असला, तरी घराचे कुलूप जुनेच राहते.

अजूनही ठरत नसेल, तर उबंटू पेनड्राइव्हवरून इन्स्टॉल न करता चालवून पाहा. वेग थोडा कमी वाटेल, पण वायफाय, आवाज, टचपॅड चालतात का ते कळेल आणि तुम्ही इन्स्टॉल सुरू करेपर्यंत डिस्क जशीच्या तशी राहील. व्हर्च्युअल मशीन एका क्लिकमध्ये पुसता येते, पुसलेली डिस्क मात्र परत मिळेलच असे नाही. म्हणून आधी बॅकअप, मगच वाटणी.