कर्नाळा किल्ल्याची पुनर्प्राप्ती (इ.स. १६७०) : मराठ्यांच्या वेढातंत्राचा एक अभ्यास

प्रस्तावना :
मराठ्यांच्या दुर्गयुद्धाचा विषय निघाला की दोर, रात्रीचा अंधार आणि निवडक मावळे हे चित्र डोळ्यांसमोर उभे राहते. ४ फेब्रुवारी १६७० रोजी तानाजी मालुसरे यांनी प्राण वेचून जिंकलेल्या कोंढाण्याने हे चित्र जनमानसात कायमचे रुजविले. तथापि त्याच वर्षी पेणच्या उत्तरेस असलेला कर्नाळा किल्ला मराठ्यांनी अगदी वेगळ्या पद्धतीने घेतला. त्या पद्धतीचे महत्त्व स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

भौगोलिक व राजकीय पार्श्वभूमी :
कर्नाळा आज पनवेल तालुक्यात मोडतो. मुंबई-गोवा महामार्गाने पेणकडे जाताना त्याचा अंगठ्यासारखा सुळका दुरूनही ओळखू येतो. बोरघाट उतरून पनवेल व आपटे या खाडीकाठच्या बंदरांकडे जाणारा मार्ग या किल्ल्याच्या टप्प्यात होता. त्यामुळे कर्नाळा ज्याच्या ताब्यात, त्याला घाट आणि बंदर यांमधील रहदारीवर लक्ष ठेवता येई.

जून १६६५ मधील पुरंदरच्या तहान्वये शिवाजी महाराजांनी चार लक्ष होन उत्पन्नाच्या मुलखासह २३ किल्ले मोगलांना दिले. त्यांत कर्नाळा होता. स्वतःकडे राखलेल्या १२ किल्ल्यांत मात्र रोहे परिसरातील घोसाळगडाचा समावेश होता. परिणामी पेणच्या उत्तरेस मोगलांचे ठाणे आणि रोह्याच्या पलीकडे स्वराज्याचा गड, अशी या भागाची स्थिती झाली.

कर्नाळ्याचा वेढा :
१६७० मध्ये तह मोडला आणि गेलेले किल्ले परत घेण्याची मोहीम सुरू झाली. प्रत्येक ठिकाणी अचानक छापा यशस्वी झाला नाही. माहुलीवर मनोहरदास गौड या मोगल किल्लेदाराने मराठ्यांचा पहिला हल्ला मोठ्या हानीसह परतवला. तो किल्ला जूनमध्ये हाती आला. त्याच महिन्यात कर्नाळाही पडला.

समकालीन इंग्रज पत्रव्यवहारात या वेढ्याची नोंद आढळते. मराठे माती व फळ्यांचे आडोसे उभारीत आणि तेच पुढे नेत किल्ल्याकडे सरकत होते. या तंत्रामागील विचार सहज ध्यानात येतो. अवघड चढावर तोफा नेणे कठीण. उघड्यावरून चढाई केल्यास वरून येणाऱ्या गोळ्या व धोंडे यांचा मारा अटळ. सरकत्या आडोशाने माणसे वाचत आणि जिंकलेली प्रत्येक जागा टिकत असे. शिवाय जूनमध्ये पाऊस सुरू झाल्यावर घाटावरून कुमक येणेही दुष्कर होते.

निष्कर्ष :
कर्नाळ्याचा विजय धाडसाइतकाच नियोजनाचाही होता. फळ्या तयार करणारे, माती खणणारे व वाहणारे हात यांशिवाय असा वेढा संभवत नाही. मात्र इतिहासात त्यांची नावे उरलेली नाहीत. मराठ्यांचे युद्धतंत्र केवळ गनिमी छाप्यांपुरते मर्यादित मानल्यास या अनाम श्रमाकडे दुर्लक्ष होते. कर्नाळा आज प्रामुख्याने पक्षी अभयारण्यासाठी परिचित आहे. पेण-रोहे परिसरातील विद्यार्थ्यांना मराठ्यांच्या युद्धशास्त्राची ही दुसरी बाजू शिकविण्यास त्याच्याइतके जवळचे उदाहरण क्वचितच सापडेल.