कड्यावरची समुद्री गोगलगाय

परशुरामाने बाण सोडून समुद्र मागे हटवला आणि मोकळ्या झालेल्या त्या भूमीचे कोकण झाले, ही कथा कोकणात घरोघर ठाऊक आहे. परंतु एके काळी समुद्राच्या लाटा थेट सह्याद्रीच्या कड्यांवर आदळत असाव्यात, असे मत एकोणिसाव्या शतकातील एका भूवैज्ञानिकानेही मांडले होते, आणि त्याने पुढे केलेल्या पुराव्यांत घाटातील ओल्या कातळाला चिकटून राहणाऱ्या, जेमतेम नखाएवढ्या गोगलगायीचा समावेश होता.

हा भूवैज्ञानिक म्हणजे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील विल्यम थॉमस ब्लॅनफर्ड. खडकांचे नकाशे करीत हिंडताना शंखशिंपले गोळा करण्याचा त्याला छंद होता, आणि १८६३ साली, म्हणजे बोरघाटातून आगगाडी धावू लागली त्याच वर्षी, त्याने पश्चिम घाटातील कड्यांवर राहणाऱ्या दोन नव्या मृदुकाय प्राण्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांपैकी एकाला त्याने ‘क्रेम्नोबेटीस सिहाद्रेन्सिस’ असे नाव दिले. यातील पहिला शब्द प्रजातीचा, म्हणजे जवळच्या जातींच्या गटाचा, असून ग्रीक भाषेतील ‘क्रेम्नोस’ म्हणजे कडा या शब्दापासून तो घडवला होता. तथापि ते नाव एका माशांच्या प्रजातीला आधीच दिले गेलेले असल्यामुळे ब्लॅनफर्डला १८६९ मध्ये ते बदलून ‘क्रेम्नोकॉन्कस’, म्हणजे कड्यावरचा शंख, असे करावे लागले. महाबळेश्वरची याच गटातील एक जात एडगर लेयार्डने १८५५ मध्येच नोंदवली होती, पण तिला त्याने गोड्या पाण्यातील एका परक्या गटात बसवले होते. तिचे खरे नाते ब्लॅनफर्डने ओळखले, आणि या साऱ्या प्रकरणातील त्याचे मोठे श्रेय तेच होय.

हे नाते समुद्राशी आहे. कोकणच्या किनाऱ्यावर भरतीच्या रेषेच्या वर, जेथे पाणी पोचत नाही पण लाटांचे तुषार पोचतात अशा खडकांवर आणि खाडीतील तिवरांच्या खोडांवर लहान, टोकदार शंखांच्या गोगलगायी दिसतात. त्यांचे कुल ‘लिटोरिनिडी’ या नावाने ओळखले जाते. जगभर समुद्रकाठाला धरून राहणाऱ्या या कुलातील क्रेम्नोकॉन्कस ही एकच प्रजाती संपूर्णपणे गोड्या पाण्यावर जगते, आणि तीही पश्चिम घाटाबाहेर कोठेही आढळत नाही. तिने पाणी बदलले, पण राहणी फारशी बदललेली नाही. दख्खनचा कातळ लाव्हाच्या एकावर एक बसलेल्या थरांचा असल्यामुळे थरांच्या सांध्यांतून आणि भेगांतून पावसाचे पाणी पाझरत राहते. अशा पाझरांखालच्या किंवा धबधब्याच्या तुषारांनी भिजलेल्या उभ्या दगडावर ही गोगलगाय पाण्याच्या पातळ पडद्यात सरकत असते आणि करवतीसारख्या दातेरी जिभेने शेवाळ खरवडून खाते. कातळ कोरडा पडला की ती भेगेत शिरते आणि पायावरचे शिंगासारखे चिवट झाकण मिटून घेते.

ब्लॅनफर्डचा तर्क असा होता की सह्याद्रीचा पश्चिमेकडील कडा हा मूळचा समुद्रकडाच असावा आणि समुद्र दूर गेल्यावर त्याच्या खडकांवरच्या गोगलगायी पावसाच्या पाण्यावर जगण्यास शिकून मागे राहिल्या असाव्यात. तर्क देखणा होता, पण तो टिकला नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाथरांची ही भूमी पुढे पश्चिमेकडे फाटली, सेशेल्सचा तुकडा तिच्यापासून अलग झाला, आणि त्या फाटलेल्या कडेची नद्यानाल्यांनी झीज करीत ती पूर्वेकडे सरकवली, असे आज मानले जाते. म्हणजे कडा कोरला तो लाटांनी नव्हे, तर पावसाने. गोगलगायीचे पूर्वज समुद्रातून आले, एवढा त्या साक्षीचा अर्धा भाग मात्र खरा ठरला.

पुढे दीडशे वर्षे महाराष्ट्रातील तीनच जातींवर हा विषय अडून राहिला. डेव्हिड रीड, एन. ए. अरविंद आणि एन. ए. मध्यस्थ यांनी २०१३ मध्ये कर्नाटकाच्या घाटांतील सहा नव्या जातींचे वर्णन केले, तेव्हा ही संख्या नऊ झाली. प्रत्येक जातीचा वावर इतका तोकडा असतो की घाटरस्ता रुंद करताना किंवा दरडीच्या भीतीने कातळ तासताना एखादी ओली भिंत कोरडी पडली, तर तेथील वस्ती संपू शकते. धबधब्याखालच्या गर्दीत हे कोणाच्या ध्यानात येण्याचा संभव कमीच.

प्राणिनामांच्या नियमांनुसार मूळ लेखकाने दिलेले नावाचे अक्षरलेखन सहसा बदलता येत नाही. त्यामुळे सह्याद्री हे नाव ब्लॅनफर्डने ज्या रूपात लिहिले, त्याच रूपात, ‘सिहाद्रेन्सिस’ म्हणून, ते शास्त्रग्रंथांत आजही छापले जाते.