गोव्यांतील नौदलाचें विमान-संग्रहालय

परळी वैजनाथहून गोव्यास जाणारा यात्रेकरू देवालयें पाहतो, समुद्रावर फिरतो आणि परततो. वास्कोजवळ बोगमाळोच्या वाटेवर नौदलाचें विमान-संग्रहालय आहे, ही वार्ता त्याला बहुधा नसते.

संग्रहालयाची स्थापना १९९८ सालची. त्यांतील वस्तूंचा इतिहास मात्र जुना आहे. १९५३ सालीं कोची येथें ‘गरुड’ हा नौदलाचा पहिला विमानतळ सुरू झाला. पाण्यावर व जमिनीवर, दोन्हीकडे उतरणारीं ‘सीलँड’ विमानें त्याच वर्षीं आलीं. त्यांपैकीं एक येथें आहे. डिसेंबर १९६१ मध्यें गोवें मुक्त झालें, पोर्तुगीजांनीं बांधलेला दाबोळीचा तळ नौदलाकडे आला, आणि १९६४ सालीं सुलूरचा ‘हंसा’ तळ तेथें हलविण्यांत आला. ‘विक्रांत’ नौकेवरील विमानांचें किनाऱ्यावरील घर तें हेंच.

त्या विमानांपैकीं ‘सी हॉक’ विशेष पाहण्याजोगें. नौकेच्या आंखूड डेकवर उतरतांना त्याच्या शेपटाखालचा आंकडा आडव्या ताणलेल्या पोलादी दोरांत अडके आणि विमान जागींच थांबे. आंकडा चुकला तर वैमानिकाला पुनः आकाशांत चढणें भाग पडे. डिसेंबर १९७१ च्या युद्धांत याच जातीच्या विमानांनीं कॉक्स बझार व चितगांव येथें हल्ले केले.

आवारांतील सर्वांत मोठें विमान म्हणजे एअर इंडियाचें चार इंजिनांचें सुपर कॉन्स्टेलेशन, नांव ‘राणी ऑफ एलोरा’. प्रथम त्यानें उतारू नेले, मग हवाई दलाची चाकरी केली, आणि १९७६ पासून तें नौदलासाठीं समुद्रावर टेहळणी करूं लागलें. एका विमानाच्या नशिबीं तीन धनी क्वचितच येतात! संग्रह पुढेंही वाढत राहिला. २०१६ सालीं निवृत्त झालेल्या ‘सी हॅरियर’ जातीचें विमानही त्यांत आहे.

ज्या नौकांवरून हीं विमानें उडालीं त्या मात्र उरल्या नाहींत. ‘विक्रांत’ १९९७ सालीं निवृत्त झाली. मुंबईंत संग्रहालय म्हणून ती कांहीं वर्षें उभी होती, तें २०१२ सालीं बंद पडलें, आणि २०१४ सालीं नौका मोडीत निघाली. ‘विराट’ २०२० सालीं अलंगच्या किनाऱ्यावर गेली. खर्चाची अडचण खरी होती. तरी दोन्ही नौका गमावणें हें राष्ट्राला शोभण्याजोगें नव्हे. आतां त्या काळाची साक्ष बोगमाळोलाच मिळते. इंजिनें व शस्त्रें इमारतींत सुरक्षित आहेत. पण विमानें उघड्यावर उभीं आहेत. खारा वारा धातूला खातो आणि कोंकणचा पाऊस चार महिने कोसळतो. रंगाचा हात वेळेवर न फिरला, तर सी हॉकचे पंखही फार काळ टिकणार नाहींत.