ध्रुवरात्रीतील नववर्ष

प्रवासवर्णनांच्या अभ्यासात सणावारांच्या नोंदींकडे सहसा कोणी थांबत नाही. कापलेले अंतर, हवामान, वाटेतली संकटे यांच्या गर्दीत सणाची एखादी ओळ येते आणि वाचक ती ओलांडून पुढे जातो. नॉर्वेचा संशोधक फ्रिट्यॉफ नान्सेन याच्या १८९३ ते १८९६ या उत्तर ध्रुवाकडील मोहिमेत मात्र अशा एका दिवसाला वेगळे मोल आहे. या मोहिमेत परमुलखात तीन नववर्षे आली. त्यांतील पहिल्या दोहोंविषयी फार लिहिण्याचे कारण नाही.

२४ जून १८९३ रोजी 'फ्राम' हे जहाज ख्रिस्तियानियाहून, म्हणजे आजच्या ऑस्लोहून, निघाले. सैबेरियाच्या उत्तरेस ते मुद्दाम बर्फात अडकवून घ्यायचे आणि बर्फाच्या प्रवाहाबरोबर ध्रुवाच्या दिशेने वाहू द्यायचे, अशी नान्सेनची योजना होती. जहाजावर तेरा माणसे होती. पवनचक्कीवर चालणारे विजेचे दिवे होते, ग्रंथसंग्रह होता, वाद्य होते, हस्तलिखित वृत्तपत्रही निघत असे. अशा ठिकाणी नाताळ आणि नववर्ष साजरे होणारच. बाहेर हिमरात्र असली तरी आत नॉर्वेचे एक घर होते. ते घर या मंडळींनी सोबतच नेले होते.

तिसरे नववर्ष आले ते हे घर सोडल्यानंतर. जहाज ध्रुवापर्यंत वाहत जाणार नाही हे ध्यानात आल्यावर नान्सेन आणि यालमार योहान्सेन १४ मार्च १८९५ रोजी कुत्र्यांच्या घसरगाड्या आणि दोन हलक्या होड्या घेऊन पायी निघाले. ८ एप्रिलला त्यांनी ८६ अंश १४ कला हे अक्षांश गाठले. तोवर मनुष्यप्राणी इतक्या उत्तरेस पोचलेला नव्हता. तेथून ते परत फिरले. पुढे चारच दिवसांनी एका प्रदीर्घ चालीनंतर दोघेही घड्याळांना किल्ली द्यायला विसरले आणि दोन्ही घड्याळे बंद पडली. घड्याळावाचून रेखांश काढता येत नाही. त्यामुळे आपण पृथ्वीच्या पाठीवर नेमके कोठे आहोत हे त्यांना पुढे कित्येक महिने निश्चित सांगता येईना. तिथी शाबूत होती, स्थळ हरवले होते.

ऑगस्टच्या अखेरीस फ्रान्झ जोसेफ लँड या द्वीपसमूहातील एका बेटावर त्यांना मुक्काम ठोकावा लागला. जमीन उकरून, दगड रचून, वाहत आलेल्या एका ओंडक्यावर वॉलरसची कातडी पसरून त्यांनी झोपडे उभारले. त्यात उंच नान्सेनला जेमतेम उभे राहता येई. जेवण म्हणजे सकाळी अस्वलाच्या मांसाचे कढण आणि रात्री त्याच मांसाचे तळलेले तुकडे. दिव्यात जळे तीही चरबीच. ऑक्टोबरच्या मध्यास सूर्य मावळला तो कित्येक महिन्यांसाठी. दोघे एकाच झोपपिशवीत दिवसातले वीस वीस तास पडून राहत. वाचायला होते ते एक नाविक पंचांग आणि नौकानयनाची कोष्टके. त्या पंचांगात नॉर्वेच्या राजघराण्याची माहिती होती, बुडालेल्या माणसावर करावयाचे उपचार होते. नान्सेनने हा मजकूर जवळजवळ पाठ होईपर्यंत वाचला. छापील अक्षर नजरेस पडणे हाच त्याला दिलासा होता. वाङ्मयाच्या अभ्यासकांनी ग्रंथाच्या उपयुक्ततेची व्याख्या करताना हे उदाहरण ध्यानी ठेवावे.

नाताळच्या आदल्या सायंकाळी योहान्सेनने अंगातला सदरा उलटा करून घातला. नान्सेननेही तेच केले. सणाचे नवे वस्त्र ते एवढेच. निगुतीने जपून ठेवलेल्या शिध्यातून थोडे पीठ आणि पाव चरबीत तळून मेजवानी झाली. आठवड्याने वर्ष पालटले. जुने वर्ष लख्ख चांदण्यात गेले आणि १८९६ साल चांदण्यातच उगवले, अशी नान्सेनची नोंद आहे. त्याबरोबरच बोटे गारठवून टाकणाऱ्या थंडीचीही. मराठी वाचकाला येथे लोकमान्य टिळकांची आठवण होणे स्वाभाविक आहे. नान्सेन परतल्यानंतर सातच वर्षांनी, १९०३ मध्ये, त्यांचा 'आर्क्टिक होम इन द वेदाज' प्रसिद्ध झाला. ऋग्वेदातील उषःसूक्तांवरून त्यांनी अनेक दिवस रेंगाळणाऱ्या ध्रुवीय पहाटेचे अनुमान केले. हा सिद्धान्त विद्वानांत सर्वमान्य झाला नाही; पण दीर्घ रात्रीनंतरची उषा माणसाला किती हवीशी असेल, हा त्यामागील प्रश्न त्या झोपड्यात मुळीच काल्पनिक नव्हता.

वर्षाच्या अखेरच्या रात्री आणखी एक गोष्ट घडली, असे नान्सेनचे चरित्रकार सांगतात. तोपर्यंत हे दोघे एकमेकांना अहो-जाहो करीत. नॉर्वेजियन भाषेत त्या काळी परक्याला आणि वरिष्ठाला आदरार्थी सर्वनाम, तर जवळच्याला एकेरी, असा कडक भेद होता. नान्सेन चौतीस वर्षांचा, विद्वान आणि मोहिमेचा नायक होता. योहान्सेन अठ्ठावीस वर्षांचा, अन्य जागा रिकामी नाही म्हणून बॉयलरवाल्याच्या कामावर जहाजात भरती झालेला. ऑगस्टमध्ये एका अस्वलाने योहान्सेनला खाली पाडले, तेव्हा त्याने नान्सेनला त्वरा करण्याची विनंती केली तीसुद्धा आदरार्थीच! मृत्यू छातीवर बसलेला असताना ज्याच्या व्याकरणात चूक झाली नाही, त्या माणसाने आपण होऊन अंतर मोडणे शक्यच नव्हते. अरे-तुरेवर येण्याचा प्रस्ताव वरिष्ठानेच मांडायचा असतो. नान्सेनने तो त्या रात्री मांडला. घड्याळ नाही, पाहुणे नाहीत, आतषबाजी नाही. पण पंचांगातले पान उलटताना एक सर्वनाम बदलले. एकाच पिशवीत झोपणाऱ्या, एकाच भांड्यात जेवणाऱ्या माणसांना त्यासाठी नववर्षाचे निमित्त लागले, ही गोष्ट 'तू', 'तुम्ही' आणि 'आपण' यांचे तारतम्य सांभाळणाऱ्या भाषेच्या वाचकाला समजावून सांगावी लागू नये.

१९ मे १८९६ रोजी त्यांनी झोपडे सोडले. १७ जूनला फ्रेडरिक जॅक्सन हा इंग्रज संशोधक त्यांना योगायोगाने भेटला आणि ऑगस्टमध्ये ते नॉर्वेला पोचले. त्याच महिन्यात 'फ्राम'ही बर्फातून सुटून सुखरूप परतले. नान्सेनचा ग्रंथ १८९७ मध्ये निघाला, तो जगभर वाचला गेला. पुढे १९२२ मध्ये त्याला शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. योहान्सेनची वाट वेगळी होती. व्यसनाने आणि कर्जाने तो खचत गेला. १९१० मध्ये तो पुन्हा त्याच 'फ्राम'वर चढला, यावेळी आमुंडसेनबरोबर दक्षिणेकडे. तेथे नायकाच्या घाईवर त्याने सर्वांसमक्ष टीका केली आणि ध्रुवावर जाणाऱ्या तुकडीतून त्याला वगळण्यात आले. जानेवारी १९१३ च्या आरंभी ख्रिस्तियानियात त्याने स्वतःवर गोळी झाडून घेतली.